बाई, चष्मा घालूनच दुकानात जा

पत्राचा गोषवारा:

कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं हे पत्र. वय ४९. भावाने दिलेला कॅनन १३००डी आणि त्याच्यासोबतच्या १८-५५ व ५५-२५० अशा दोन लेन्स त्या काही वर्षं वापरताहेत. सकाळी शाळेआधी खाडीवरचे पक्षी, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आणि हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन, एवढी त्यांची फोटोग्राफी. आता नवा कॅमेरा घ्यायचा आहे, त्यासाठी एक लाख रुपये बाजूला काढलेत. पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, घ्यायचा तर फुल फ्रेमच घे, नाहीतर दोन वर्षांत पस्तावशील." त्याचा फुल फ्रेम, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा त्यांनी दिवाळीत दिवसभर वापरून पाहिला. "पकड एवढी मोठी की बोट शटरवर नेताना कॅमेरा सुटेल असं वाटे. संध्याकाळी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून व्ह्यूफाइंडरचे कोपरे दिसेनात. मी डाव्या डोळ्याने बघते, त्यामुळे नाक सारखं स्क्रीनला लागायचं आणि फोकस भलतीकडेच जायचा. भाचा म्हणाला, सवय होईल. माझे हातच लहान, त्याला कॅमेरा काय करणार?" दुकानदाराने वैशिष्ट्यांचा कागद हातात दिला. "त्यातलं निम्मं कळलं नाही, म्हणून ज्यात जास्त गोष्टी तोच घ्यावा असं वाटायला लागलंय." पत्रासोबत त्यांनी बिघडलेले तीन फोटो पाठवलेत आणि शेवटी विचारलंय, "या वयात स्वतःच्या हौसेवर लाख रुपये घालणं शोभतं का?"

बाई, नमस्कार.

पहिलीतल्या पोराचे पाय बाकावरून लोंबकळले तर तुम्ही पोराला बोल लावत नाही, बाक बदलता. मग स्वतःच्या हातांवर एवढा राग कशाला?

भाच्याचं 'सवय होईल' अर्ध खरं आहे. कुठलं अर्ध, ते आधी वेगळं करू, कारण कॅमेरा हातात घेतल्यावर होणारा निम्मा गोंधळ इथेच असतो. बटणं कुठे आहेत, मेन्यूत काय कुठे दडलंय, झूमची रिंग कुठल्या बाजूला फिरते, प्ले दाबायचं बटण डावीकडे की उजवीकडे, या सगळ्याची सवय होते. पंधरवड्यात होते, आणि नंतर आपण कधी अडखळत होतो हेही आठवत नाही. त्यामुळे दुकानात पहिल्या पाच मिनिटांत 'किती किचकट आहे हो' असं वाटलं म्हणून कॅमेरा बाद करू नका. पण पकडीला वेढा घातल्यावर तर्जनी शटरपर्यंत पोचते का, चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात का, नाक कुठे टेकतं, वजन कुठल्या बोटावर येतं, या गोष्टींची सवय होत नाही. त्या फार तर सोसाव्या लागतात. आणि तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारी या दुसऱ्या प्रकारातल्या आहेत.

त्यातली एक मात्र थोडी तपासून घ्या. अंगठ्याचा ठणका. फुल फ्रेम बॉडी आणि तिच्यावर नेहमीची झूम लेन्स असा जोड सव्वा ते दीड किलोचा होतो. हे वजन उजव्या हाताने पकडीला धरून उचललं तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीवर येतं. डावा तळवा लेन्सच्या खाली घेऊन, कोपर छातीशी टेकवून उचललं तर उजव्या हाताला फक्त बटणं दाबायची उरतात. तुम्ही १३००डी एका हाताने उचलत असाल तर तो मोठा कॅमेराही तसाच उचलला असणार. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावर ५५-२५० लावून आठवडाभर डाव्या तळव्यावर तोलून बघा. तरीही अंगठा दुखला तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग कॅमेऱ्याचं बघू. खडू-डस्टर आणि पेपर तपासणं याच अंगठ्याने होतं.

आता तुमचे तीन फोटो. ते पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण 'मला काय हवंय' याचं उत्तर दुकानदाराच्या कागदापेक्षा आपल्याच फसलेल्या फोटोंत जास्त असतं. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लेन्स किती मिलिमीटरवर होती (आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), शटर किती वेळ उघडं होतं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक केवढं होतं (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं) आणि आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता किती होती, हे नोंदलेलं असतं. मोबाइलच्या गॅलरीतही 'तपशील' उघडला की दिसतं. इतर वाचकांनाही माझा हाच आग्रह आहे. नवा कॅमेरा शोधायच्या आधी मनासारखे न आलेले वीसेक फोटो काढा, त्यांचे आकडे वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर एक शब्द लिहा: 'लांब', 'अंधार', 'हललं', 'फोकस चुकला', 'कॅमेरा जवळच नव्हता'. जो शब्द जास्त वेळा येईल त्यावर पैसे घाला. शेवटचा शब्द सगळ्यात जास्त आला तर मोठा कॅमेरा मुळीच घेऊ नका.

तुमच्या पालखीच्या फोटोत आकडे असे आहेत: ५५ मिमी, एफ ५.६, आयएसओ ६४००, १/१५ सेकंद. सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, पालखी नाचतेय आणि तुम्ही शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं ठेवलंय. पालखी, नाचवणारे, मागचा सोंगातला संकासूर, सगळ्यांचे रंगीत फराटे झालेत. इथे कॅमेऱ्याची काही चूक नाही. तुमच्या कॅमेऱ्याचं आयएसओ नेहमीच्या मर्यादेत ६४०० पर्यंतच जातं, म्हणजे त्याने होतं तेवढं ताणलं. अडलंय ते लेन्सपाशी. तुमच्या दोन्ही लेन्स त्या लांबीला फारसा उजेड आत घेऊ शकत नाहीत. कॅननचीच ५० मिमी एफ १.८ लेन्स तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्यावर थेट बसते. वजन १६० ग्रॅम. एफ ५.६ ऐवजी एफ १.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. तेवढ्याच अंधारात १/१५ ऐवजी साधारण १/१२५ ते १/१६० मिळेल, आणि नाचणारी पालखी त्यात बऱ्यापैकी थांबते. नव्या बॉडीच्या किमतीच्या मानाने ही लेन्स फारच स्वस्त आहे. अडचण एकच: तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते, म्हणजे गर्दीत चार पावलं मागे सरावं लागेल. गावातलीच आहात, कुणीतरी ओटीवर उभं राहायला जागा देईल. आणि एफ १.८ वर स्पष्टतेची पट्टी अगदी अरुंद असते, तेव्हा पाचातले दोन फोटो फोकसमध्ये चुकणार हे धरून चला.

स्नेहसंमेलनाच्या फोटोत मुलांचे चेहरे पांढरेफटक पडलेत. मागे काळा पडदा, पुढे झगझगीत दिवे. कॅमेऱ्याने सगळ्या चौकटीची सरासरी काढली, काळं जास्त आहे असं ठरवलं आणि फोटो उजळवला. तुम्ही विज्ञान शिकवता, सरासरी कुठे फसवते ते मी सांगायला नको. १३००डीवर एव्ही प्लस-मायनस लिहिलेलं बटण दाबून धरा, वरचं चाक फिरवा आणि काटा शून्याच्या डावीकडे एक ते दीड घरं न्या. झालं. यासाठी एक रुपयाही खर्च नाही. आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत हा पांढरेपणा शटर दाबायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो, ही मोठी सोय आहे हे खरं. पण तुमच्याही कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू लावला की मागच्या स्क्रीनवर ते दिसतं.

उरला खंड्या. छोटा, निळा, तिवराच्या फांदीवर बसलेला. २५० मिमी, एफ ५.६, १/२००. पक्ष्याच्या पुढचं पान शिरांसकट स्पष्ट आणि खंड्या धूसर. तुमच्या कॅमेऱ्याला फोकसचे फक्त नऊ बिंदू आहेत. नऊही चालू ठेवले की तो बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, म्हणजे पान. फक्त मधला बिंदू निवडायचा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा, एवढ्याने बरंच काम होईल. पण फोकस बरोबर आला असता तरी पक्षी लहानच दिसला असता, आणि इथे जुन्या सामानाची हद्द खरंच लागते.

थोडं गणित करू, तुम्हाला आवडेल. पक्षी १७ सेंटिमीटर, अंतर १५ मीटर धरू. तुमच्या कॅमेऱ्यावर २५० मिमीला चौकटीची रुंदी तिथे साधारण १.३ मीटर पडते. त्यात खंड्या एक-अष्टमांश, म्हणजे फोटोत जेमतेम साडेसहाशे पिक्सेल. मोबाइलवर पाहायला पुरे, पण शाळेच्या भित्तिपत्रकावर छापायला नाही. त्याच आकाराच्या सेन्सरवर ४०० मिमी लावली तर चौकट ८४ सेंटिमीटरवर येते आणि पक्षी एक-पंचमांश होतो. २४ मेगापिक्सेलमध्ये बाराशे पिक्सेल. आता भाच्याचा फुल फ्रेम घ्या आणि त्यावरही ४०० मिमी लावा. चौकट पुन्हा १.३५ मीटर. म्हणजे लाखाच्या वर खर्च करून, दीड किलो उचलून तुम्ही खंड्याला तेवढाच दाखवणार जेवढा आज भावाच्या कॅमेऱ्यात दिसतो. फोटो स्वच्छ येईल, अंधारात जास्त चांगला येईल, सगळं मान्य. पण पक्षी जवळ येणार नाही. मोठा सेन्सर म्हणजे सगळ्या कामांना जास्त चांगला, ही समजूत लग्नाचे फोटो काढणाऱ्याला बरोबर आहे. खाडीवरच्या माणसाला नाही. हे गणित भाच्याला करायला द्या.

मग पक्ष्यांसाठी वाटा कुठल्या? तीन दिसतात.

एक, निकॉन पी९५० सारखा एकाच लेन्सचा लांब झूमवाला कॅमेरा. वजन किलोभर, झूम २००० मिमीच्या बरोबरीचा. वरच्या गणितात त्याची चौकट २७ सेंटिमीटर भरते, खंड्या अर्ध्याहून अधिक फोटो व्यापतो. कागदावर हा सगळ्यांना हरवतो. तुमच्या अंगठ्याच्या दृष्टीनेही त्यात एक गोष्ट छान आहे: झूम मनगट पिळून फिरवावा लागत नाही, शटरभोवतीच्या कळीने किंवा लेन्सच्या डाव्या बाजूच्या कळीने होतो. पण त्याचा सेन्सर क्षेत्रफळाने तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा आहे. ऊन वर आल्यावर बांधावर उभा शेकाट्या तो सुंदर काढेल. सकाळी साडेसहाला, डोंगराआडून सूर्य यायच्या आधी, फोटो दाणेदार आणि पुसट होईल. पालखीला तर तो तुमच्या जुन्या कॅमेऱ्याहूनही मागे पडेल. उडणारा पक्षी एवढ्या अरुंद चौकटीत सापडणंच कठीण. त्यासाठी दाबलं की झूम क्षणभर मागे घेणारं एक बटण त्यात आहे, पण तोवर ढोकरी पलीकडच्या काठाला गेलेली असते.

दोन, वापरलेला डीएसएलआर, म्हणजे तुमच्यासारखाच आरशाचा कॅमेरा, आणि त्यावर मोठी लेन्स. जुन्या बाजारात हा सौदा फायद्याचा दिसतो. निकॉन डी७५०० आणि २००-५०० चा जोड घ्या, फोटो उत्तमच येतील. पण वजन तीन किलो. तुमचं पत्र वाचून हा पर्याय मी तुमच्यापुरता इथेच मिटवतो. ज्यांचा खांदा तरुण आहे त्यांनी जरूर विचार करावा.

तीन, तुमच्याच आकाराच्या सेन्सरचा छोटा मिररलेस. कॅननचं नाव घेतो, कारण तुमच्याकडे कॅननच्या लेन्स आहेत आणि साधारण ११० ग्रॅमचं एक अ‍ॅडॉप्टर लावून त्या नव्या बॉडीवर चालतात. आर५० आणि आर१० या दोन बॉडी बघा. दोन्ही २४ मेगापिक्सेलच्या, दोन्ही पक्ष्याचा डोळा ओळखून त्याच्यावर फोकस धरून ठेवणाऱ्या. तुमच्या नऊ बिंदूंच्या मानाने हा फरक एवढा मोठा आहे की बाकीची सगळी वैशिष्ट्यं त्यापुढे किरकोळ वाटतात. पानांच्या जाळीत मात्र हे तंत्रही फसतं, तेव्हा मधला बिंदू वापरायची सवय सोडू नका. आर५० चं वजन ३७५ ग्रॅम, आर१० चं ४२९. फरक चमचाभर वाटेल, पण हातात तो वेगळा लागतो. आर१० ची पकड खोल आहे, चाकं दोन आहेत, फोकसचा बिंदू हलवायला छोटी दांडी आहे. आर५० ला चाक एकच, आणि सलग फोटो काढताना रॉ, म्हणजे न आकसलेल्या मोठ्या फाइलींनी तिची तात्पुरती साठवण पटकन भरते.

तुम्हाला वाटेल, हात लहान, अंगठा दुखतो, म्हणजे सगळ्यात लहान कॅमेरा बरा. सावध राहा. पकड उथळ असली की करंगळी हवेत राहते आणि उरलेल्या बोटांना चिमटीने धरावं लागतं. पुढे लांब लेन्स असेल तर जास्तच. लहान हातांना खोल पण अरुंद पकड बहुधा सुखाची जाते. म्हणून न बघता सांगायचं तर माझं झुकतं माप आर१० कडे आहे. पण ती फोकसची दांडी व्ह्यूफाइंडरच्या उजवीकडे आहे, आणि डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा गाल नेमका तिथे येतो. अंगठा दांडी आणि गालाच्या मध्ये अडकला तर आर१० चा मोठा फायदा तुमच्यासाठी संपला. हे कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, दुकानातच कळेल.

म्हणून दुकानात कसं जायचं ते जरा सविस्तर सांगतो. रविवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आधी जाऊ नका, दुकानदाराला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. मधल्या वारी दुपारी जा. रोजचा चष्मा घाला, वाचायचा वेगळा नको. जुना कॅमेरा लेन्सांसकट न्या, शेजारी ठेवून तुलना करता येते. आणि स्वतःचं एक मेमरी कार्ड न्या.

आधी डोळा. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीक चाक असतं, नंबर जुळवायचं. बहुतेकांना ते माहीतच नसतं, आणि दुकानातल्या नमुन्यावर आधीच्या गिऱ्हाइकाने ते कुठेतरी फिरवून ठेवलेलं असतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान थोडी वर-खाली करून कुठल्या पट्ट्यातून आतली अक्षरं नीट दिसतात ते शोधा आणि मग ते चाक फिरवा. त्यानंतर चार कोपरे. मान न हलवता दिसले पाहिजेत. माहितीपत्रकात 'आय पॉइंट' म्हणून मिलिमीटरचा आकडा असतो. चष्मेवाल्यांना साधारण २० किंवा जास्त बरा. कुणी सांगेल, चष्मा काढून बघा, चाकाने नंबर जुळतो. तिरक्या नंबरला तो जुळत नाही, आणि पक्षी शोधायला चष्मा वर, फोटोला चष्मा खाली, असं करेस्तोवर खंड्या मासा घेऊन जातो.

मग नाक. डाव्या डोळ्याने पाहताना नाक स्क्रीनवर येणारच. स्क्रीनवर बोट फिरवून फोकस हलवायची सोय चालू असेल तर नाकही तेच करतं. भाच्याच्या कॅमेऱ्यात हेच झालं. ती सोय बंद करता येते, किंवा स्क्रीनचा फक्त उजवा भाग स्पर्शाला चालू ठेवता येतो. दुकानदाराला तेवढं करून दाखवायला सांगा. त्याला सापडलं नाही तर मेन्यू किती खोल आहे तेही कळेल. स्क्रीन उलटी मिटवून ठेवली तर प्रश्नच मिटतो. एक सूचना डाव्या डोळ्याच्या सगळ्याच वाचकांसाठी: सोनी ए६४०० सारख्या काही कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर अगदी डाव्या टोकाला असतो. उजव्या डोळ्याच्या माणसाला त्यात नाक बाहेर ठेवता येतं म्हणून फार आवडतो. आपल्याला उलटा जाचक, अख्खा चेहरा कॅमेऱ्याच्या पाठीवर येतो.

आता हात. नुसती बॉडी हातात घेऊन काही कळत नाही. जी लेन्स वापरणार तीच लावायला सांगा. डोळ्याला लावा आणि दोन मिनिटं तशीच धरून ठेवा, बगळा हलायची वाट बघत असल्यासारखी. दुकानात दोन मिनिटं फार लांब वाटतात, लोक बघतात, बघू द्या. या वेळात डोळा न काढता तीन कामं करा: आयएसओ बदला, एक्सपोजर कमी-जास्त करा, फोकसचा बिंदू कोपऱ्यात नेऊन परत मधोमध आणा. पहिल्या खेपेला जमणार नाही, दुकानदाराकडून बटणं समजून घ्या आणि पुन्हा करा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही बोट पोचतच नसेल तर पुढे कधीच पोचणार नाही. शटर अर्धं दाबून धरताना अंगठा कुठे दाबतो, दुखऱ्या जागेवर की नाही, तेही बघा.

दुकानात दिवे भरपूर असतात, तिथे सगळेच कॅमेरे शहाणे असतात. काउंटरच्या खालच्या अंधाऱ्या फळीवर फोकस करून बघा. दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांवर सलग फोटो काढा, फोकस टिकतो का पाहा. हे सगळं तुमच्या कार्डावर घ्या आणि घरी मोठ्या पडद्यावर बघा. कपाटातून कॅमेरा बाहेर काढायलाच खळखळ करणाऱ्या दुकानातून काही घेऊ नका.

आणि शक्य असेल तर याच्याही पुढे जा. पुण्या-मुंबईत कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत लागते. ताब्यात घेताना बॉडी-लेन्सचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भाच्याला एवढी कळकळ आहे ना, त्याला शनिवार-रविवारसाठी आर१० आणि १००-४०० लेन्स भाड्याने घेऊन गावी यायला सांगा. दोन सकाळी खाडीवर जे कळेल ते माझ्या पानभर लिहिण्याने कळणार नाही. त्या लेन्सचं वजन ६३५ ग्रॅम, बॉडीसकट किलोच्या जरा वर. मात्र ४०० मिमीला ती एफ ८ असते, म्हणजे पहाटे आयएसओ बरंच वर जाईल. ते तुम्हाला चालतं का, हे स्वतःच्या फोटोंवरूनच ठरवा. मला चालतं. काहींना नाही चालत.

दुकानदाराच्या कागदाबद्दल थोडक्यात. मेगापिक्सेल विसरा, २४ मध्ये २० इंच रुंद छपाई नीट होते. दोन कार्डांची सोय लग्नवाल्यांना हवी, तुम्हाला नको. व्हिडिओचे आकडे तुम्ही विचारलेच नाहीत, मीही सांगत नाही. फिरणारी स्क्रीन मात्र हवी. चिखलात न बसता बांधाच्या उंचीवरून फोटो घेता येतो, १३००डीची स्क्रीन जागची हलत नाही. आवाज न करणारं शटर पक्ष्यांना आणि वर्गाला, दोघांनाही बरं. बॅटरी मिररलेसला जास्त लागते आणि तुमची जुनी नव्यात बसणार नाही, तेव्हा किमतीत एक जादा बॅटरी धरा.

कोकणात राहणाऱ्यांसाठी एक बाब या सगळ्याहून मोठी आहे, ती म्हणजे बुरशी. आर५०, आर१० किंवा पी९५० यांपैकी एकही कॅमेरा पावसासाठी बंदिस्त केलेला नाही. पाऊस प्लास्टिकच्या पिशवीने टळतो, दमट हवा टळत नाही. कापडी किंवा चामड्याच्या बॅगेत कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर पावसाळ्यात जाळं धरतं. हवाबंद झाकणाचा स्वयंपाकघरातला मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचं. साठ ओलांडली की जेल तापवून कोरडं करायचं. जुन्या लेन्स आत्ताच टॉर्चच्या उजेडात तपासा. बुरशी धरलेली लेन्स नव्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

आता लाख रुपये शोभण्याचा प्रश्न. भाच्याने त्याचा कॅमेरा घेताना हा प्रश्न कुणाला विचारल्याचं तुमच्या पत्रात नाही. तुम्हीही विचारू नका. पण लाख एकदम घालावे का, हे विचारलंत तर माझं उत्तर 'नाही' आहे. आर१० आणि १००-४०० दोन्ही नवं घेऊन लाखात बसवणं अवघडच जाईल, आणि तशी गरजही नाही. आधी ५० मिमीची लेन्स घ्या आणि येत्या शिमग्याला जुन्याच कॅमेऱ्यावर लावा. मग भाड्याच्या दोन सकाळी. मग बॉडी आणि अ‍ॅडॉप्टर, त्यावर तुमची जुनी ५५-२५०. पक्षी तेवढाच लहान दिसेल, पण फोकसचा फरक लगेच कळेल. एक हिवाळा असा काढा. तेव्हाही 'लांब' हाच शब्द वहीत भरला असेल तर १००-४०० घ्या. आणि भाड्याच्या दोन सकाळींनंतर वाटलं की नको, मला बसलेले पक्षी उन्हातच काढायचेत आणि लेन्सा बदलायचा कंटाळा येतो, तर पी९५० घ्यायला मुळीच लाजू नका. पालखीला जुना कॅमेरा आहेच. तो एक्सचेंजमध्ये देऊ नका, त्याचे दुकानदार जे देईल त्यापेक्षा तो घरी जास्त कामाचा.

जाता जाता दोन गोष्टी. गळ्यातला पट्टा काढून तिरका, खांद्यावरून कमरेला येणारा पट्टा लावा, मानेचा आणि अंगठ्याचा बराच भार हलका होतो. आणि खाडीच्या बांधावर कॅमेरा टेकवायला जाड कापडाच्या पिशवीत किलोभर तांदूळ भरून शिवून घ्या, मोठ्या स्टँडपेक्षा ते नेणं सोपं. खरेदीच्या दिवशी बिल जीएसटीसकट घ्या, बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीखालच्या नंबराशी ताडून बघा, वॉरंटी भारतातली आहे ना ते विचारा. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. आणि तुमचं कार्ड त्याच्या कॅमेऱ्यात विसरू नका.